मिठावरचा साक्षीदार



उपवासाच्या दिवशी आमच्या घरी समुद्राचे मीठ चालत नसे. आई डब्यातून शेंदेलोणाचा गुलाबी खडा काढी, खलबत्त्यात कुटी आणि साबुदाण्याच्या खिचडीत घाली. "हे डोंगरातले मीठ, म्हणून उपवासाला चालते," एवढेच ती सांगे. डोंगरात मीठ आले कोठून, हा प्रश्न मी बरीच वर्षे बरोबर घेऊन हिंडलो. आठवीत शाळा सुटली, भोसरीत लेथवर उभा राहिलो, पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो. पण संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसण्याची सवय काही सुटली नाही. त्या सवयीतून प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि उत्तराबरोबर एका प्राण्याची ओळख झाली. आज त्या प्राण्याचा इतिहास सांगावयाचा आहे. कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, करार आणि संप ह्यांवर बोलणार, अशी अपेक्षा असते. ती आज पुरी होणार नाही. तथापि शेवटी माझ्या विषयावर आल्यावाचून मी राहणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

प्रथम आपल्या पायाखालचा दगड पाहू. मोशीच्या दगडखाणीत ज्यांनी काम केले आहे, त्यांना ठाऊक आहे की सुरुंग उडाल्यावर काळ्या कातळाच्या पोकळीत कधी कधी पांढरे, हिरवट स्फटिक चमकताना दिसतात. लोक त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. पण त्याच कातळात कोणाला कधी मासा, खेकडा किंवा शिंपला सापडल्याचे आपण ऐकत नाही. ह्याचे कारण सोपे आहे. आपला कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भुईच्या भेगांतून वर येऊन पसरलेला आणि थिजलेला लाव्हा आहे. तापलेल्या रसात जिवाचा देह टिकत नाही. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात साचलेल्या गाळात नागपूरकडे गोड्या पाण्यातल्या गोगलगाई व झाडांचे अवशेष सापडतात, तेवढेच. आणि ज्या प्राण्याविषयी मी बोलणार आहे, त्याचे अखेरचे भाऊबंद तर आपला कातळ तयार होण्यापूर्वी १८ कोटींहून अधिक वर्षे आधीच पृथ्वीवरून नाहीसे झाले होते. म्हणून त्याच्या भेटीसाठी आपल्याला दूर जावे लागते. तेथे जाण्याचा रस्ता आईच्या मिठाच्या डब्यातूनच निघतो.

शेंदेलोण म्हणजे सैंधव लवण. सिंधूच्या मुलखातले मीठ. झेलम आणि सिंधू ह्या नद्यांच्या दरम्यान एक डोंगररांग आहे. तिला मिठाची डोंगररांग असेच म्हणतात. तिच्यातील खेवडा येथील खाण सर्वांत प्रसिद्ध. १९४७ पासून हा मुलूख पाकिस्तानात आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या देवघराला आणि स्वयंपाकघराला शेंदेलोण पुरविले ते मुख्यतः ह्याच भागाने. फार पुरातन काळी तेथे उथळ समुद्र होता, तो आटला आणि मिठाचे जाड थर उरले. तात्पर्य, आई ज्याला समुद्राचे नव्हे म्हणत होती, तेही समुद्राचेच मीठ होते. फक्त समुद्र फार जुना होता. किती जुना, हाच वाद पुढे पन्नास वर्षे चालला आणि त्या वादात आपला प्राणी साक्षीदार म्हणून उभा राहिला.

त्या प्राण्याचे नाव रेडलिचिया. तो ट्रायलोबाइट ह्या कुळातला. ट्रायलोबाइट म्हणजे त्रिखंडी. पाठीवर मधोमध एक उंचवटा आणि दोन्ही बाजूंना दोन सपाट भाग, असे त्याच्या अंगाचे उभे तीन खंड पडतात, म्हणून हे नाव. आपले खेकडे, झिंगे, विंचू व झुरळे ज्या संधिपाद प्राण्यांच्या मोठ्या वर्गात मोडतात, त्याच वर्गातला हा. सांधेदार पायांचा आणि अंगावर कवच वागविणारा. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी समुद्रात दिसू लागले आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी संपले. त्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी आजवर नोंदल्या आहेत. माणसाची जात पृथ्वीवर येऊन जेमतेम तीन लाख वर्षे झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कुळाच्या सत्तावीस कोटी वर्षांच्या संसाराची कल्पना येईल.

रेडलिचिया हा ह्या कुळातील आरंभीच्या काळचा. डोके रुंद, अर्धचंद्राकृती. त्यावर दोन मोठे वाकडे डोळे, आणि त्या डोळ्यांची भिंगे खनिजाची, ज्यापासून चुनखडक बनतो त्याच द्रव्याची. डोक्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे वळलेले लांब काटे. धडाच्या प्रत्येक वलयाचे टोक काट्यात संपलेले, आणि पाठीच्या मधल्या कण्यावर आणखी एक लांब काटा. शेपटी मात्र अगदी चिमुकली. एकंदरीत, ह्याला तोंडात घेण्यापूर्वी शत्रूने दोनदा विचार करावा, अशी ही रचना. पण तो केवळ बचाव करणारा गरीब जीव होता, असेही समजू नये. ऑस्ट्रेलियाजवळच्या कांगारू बेटावर ह्याच वंशाची एक मोठी जात सापडली. २०१९ साली तिला रेडलिचिया रेक्स, म्हणजे राजा, असे नाव मिळाले. ती सुमारे फूटभर लांबीपर्यंत वाढे. तिच्या पायांच्या आतल्या बाजूला भक्ष्य चिरडणारे काटे होते, आणि त्याच थरांत सापडलेल्या दगड झालेल्या विष्ठेत ट्रायलोबाइटांच्याच कवचांचे तुकडे मिळाले आहेत. मोठ्याने लहान भाऊबंदाला खावे, ही रीत फार जुनी दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. खेकडा वाढताना कवच टाकतो, तसा हाही टाकत असे. एकच प्राणी आयुष्यात अनेक कवचे मागे ठेवून जाई. म्हणून खडकात जे सापडते, ते पुष्कळदा प्राण्याचे प्रेत नसून त्याने उतरवून ठेवलेला अंगरखा असतो. आपण जुनी वर्दी खुंटीला टांगून घरी जावे आणि पन्नास कोटी वर्षांनी कोणी त्या वर्दीवरून आपली ओळख पटवावी, तसाच हा प्रकार.

आता तो मिठाच्या डोंगरात कसा सापडला ते पाहू. १८४९ साली पंजाब इंग्रजांकडे गेला आणि त्याबरोबर मिठाच्या खाणीही सरकारच्या हाती आल्या. मिठावरचा कर हे सरकारचे मोठे उत्पन्न होते. १८७२ च्या सुमारास डॉ. वॉर्थ नावाच्या अधिकाऱ्याने खेवड्याला जमिनीच्या पातळीवरून डोंगरात शिरणारा मुख्य बोगदा आखला. हा गृहस्थ केवळ मीठ मोजणारा नव्हता. मिठाच्या वरच्या खडकांत त्याने जीवाश्म धुंडाळले. त्याने जमविलेला माल विल्यम वागेन ह्या विद्वानाने तपासला आणि त्यातील एका बारीक कवचधारी प्राण्याला वॉर्थचे नाव दिले. नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रिट्झ नोएटलिंग ह्यांनी तेथील थर एकामागून एक मोजून १८९४ साली त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या थरांतले जीवाश्म कार्ल रेडलिच ह्या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाकडे गेले. १८९९ साली त्याने आपल्या काटेरी ट्रायलोबाइटाचे वर्णन छापले आणि नाव ठेवले हॉफेरिया नोएटलिंगी. वंशाचे नाव एका प्राध्यापकाच्या मानार्थ आणि जातीचे नाव नोएटलिंगच्या. पण हॉफेरिया हे नाव आधीच दुसऱ्या एका प्राण्याला देऊन झालेले निघाले. तेव्हा १९०२ साली पॅरिसच्या मॉरिस कॉसमान ह्यांनी ते बदलून रेडलिचिया केले. हे कॉसमान पेशाने रेल्वेतील इंजिनियर. जीवाश्मांचा अभ्यास त्यांनी नोकरी सांभाळून केला. आमच्यासारख्यांना ह्यात थोडा दिलासा आहे.

ह्या जीवाश्माची किंमत काय? ट्रायलोबाइटांच्या जाती भराभर बदलत गेल्या आणि दूरदूर पसरल्या. म्हणून एखादी जात खडकात दिसली की त्या खडकाचे वय सांगता येते. स्पितीच्या खोऱ्यातून हेन्री हेडन ह्यांनी आणलेल्या संग्रहाचे वर्णन कूपर रीड ह्यांनी १९१० साली केले, त्यातही रेडलिचिया निघाला. चीनमध्येही तो विपुल आहे. जेथे रेडलिचिया तेथे कँब्रियन काल, म्हणजे सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र, असे समीकरण बसले. मिठाच्या डोंगरात सर्वांत खाली मीठ, त्यावर जांभळा वालुकाश्म, आणि त्याच्या वर रेडलिचियाचे थर आहेत. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा साधा न्याय लावला तर मीठ रेडलिचियाहूनही जुने ठरते.

पण न्याय साधा असला तरी खटला साधा नव्हता. हा डोंगर दाबाने सरकलेला, मोडलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून काही नामांकित शास्त्रज्ञ म्हणू लागले की हे मीठ फार तर पाच कोटी वर्षांचे, तरुण आहे. जुन्या खडकांची सबंध चादर दाबाने सरकत येऊन त्याच्यावर बसली आहे. तसे असेल, तर वर बसलेल्या साक्षीदाराची साक्ष खालच्या मिठाला लागू पडत नाही. १९४४ साली ह्या पक्षाला फार मोठा वकील मिळाला. ते म्हणजे वनस्पतींच्या जीवाश्मांचे जगन्मान्य अभ्यासक बिरबल साहनी. त्यांनी खेवड्याचे मीठ आणि त्याच्या लगतचे खडक घेतले, बाहेरची भेसळ होऊ नये म्हणून काळजी घेतली, मीठ पाण्यात विरघळवले आणि खाली उरलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात लाकडाचे बारीक तंतू आणि कीटकांचे तुकडे दिसले. कँब्रियन काळात जमिनीवर झाडही नव्हते आणि कीटकही नव्हता. मग हे मीठ कँब्रियनपूर्वीचे कसे असेल? परिसंवाद भरले, निबंध छापले गेले. दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षे त्या डोंगराचे नकाशे काढणारे गी ह्यांच्यासारखे क्षेत्रात हिंडणारे भूशास्त्रज्ञ होते. ते म्हणत, आम्ही थर पायाखाली घातले आहेत. मीठ आणि त्यावरचा वालुकाश्म ह्यांचा क्रम मूळचाच आहे.

येथे मला माझ्या कामातली एक हकीकत आठवते. आमच्या पट्ट्यातील एका लहानशा प्रेस-शॉपमध्ये एका कंत्राटी पोराची दोन बोटे पॉवर प्रेसखाली गेली. तो कामावर लागून पाचच दिवस झाले होते. भरपाईचा प्रश्न येताच उत्तर मिळाले, "हा माणूस आमच्याकडे नव्हताच." मस्टरवर त्याचे नाव नव्हते, कारण तेथे मस्टर महिन्याच्या शेवटी एकदम भरत. उलट त्या मशीनवर दुसराच कामगार होता, असे दाखविणारा एक सुटा कागद पुढे करण्यात आला. आम्ही हताश होऊन फाटकाबाहेरच्या टपरीवर बसलो होतो. चहावाल्याने उधारीची वही उघडली, तर त्यात त्या पोराचे नाव सलग चार दिवस लिहिलेले. वर दुसऱ्यांची नावे, खाली दुसऱ्यांची नावे, आधी मागच्या आठवड्याची पाने, नंतर पुढच्या आठवड्याची. वही शिवलेली होती. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याने सुटा कागद बाजूला ठेवला आणि वहीची शिवण बोटाने चाचपून पाहिली. त्या दिवशी मला पुरावा म्हणजे काय ते समजले. कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर पुराव्याचे वजन ठरत नाही. तो कोठे बसला आहे आणि तेथे मागाहून कोणाला तो घुसविता आला असता की नाही, ह्यावर ते ठरते.

मिठाच्या वादाचा निकालही अखेर ह्याच न्यायाने लागला. रेडलिचिया हा शिवलेल्या वहीतला साक्षीदार होता. त्याचे थर गाळ साचताना बनले. त्याच्या वर आणि खाली पानाला पान लागून होते. साहनींचे तंतू मात्र सुटे कागद निघाले. मीठ पाण्यात विरघळते आणि पुन्हा गोठते. भेगांतून पाणी झिरपते आणि आपल्याबरोबर बारीकसारीक कचरा घेऊन जाते. तेव्हा मिठात सापडले म्हणजे ते मिठाच्याच वयाचे, असे म्हणता येत नाही. पुढे पंजाबच्या मैदानात तेलाच्या शोधार्थ खोल विहिरी पाडल्या, तेव्हा डोंगरापासून दूर जमिनीखालीही मीठ त्या जुन्या थरांच्या तळाशीच लागले. आज हे मीठ कँब्रियन कालाच्या उंबरठ्यावरचे किंवा त्याच्या किंचित आधीचे, म्हणजे चोपन्न कोटी वर्षांच्या आसपासचे, असे मानले जाते. डोंगर सरकला आहे, हेही खरे ठरले. पण मिठावरून घसरत वरचा सबंध ढिगारा मिठाला घेऊनच पुढे आला. त्यामुळे विरुद्ध पक्षाच्या पदरीही सत्याचा काही अंश पडला.

साहनी १० एप्रिल १९४९ रोजी वारले. त्याच्या एकच आठवडा आधी लखनौला त्यांच्या संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली होती. ह्या एका वादात ते चुकले, म्हणून त्यांचे मोठेपण यत्किंचितही उणे होत नाही. त्यांनी आपला पुरावा सर्वांपुढे मांडला, म्हणूनच तो तपासता आला. ज्याचा पुरावा उघडा आहे, त्याची चूकही लोकांच्या उपयोगी पडते. लपविलेल्या मस्टरची चूक मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

आता मी माझ्या विषयावर येतो. ह्या सगळ्या इतिहासात किती नावे आली ते पाहा. वॉर्थ, वागेन, नोएटलिंग, रेडलिच, कॉसमान, हेडन, रीड. त्यांतील कित्येकांची नावे जीवाश्मांना जडली आहेत आणि जगात भूशास्त्र शिकविले जाईल तोवर ती राहतील. ह्या मंडळींनी कष्ट केले, त्यांना मान मिळाला, ह्यात वावगे काही नाही. पण ज्या खाणीमुळे हे लोक त्या डोंगरात आले, तेथे पहार कोणी मारली? मिठाची पाटी डोक्यावर कोणी वाहिली? १९२९ साली सरकारने नियम करून जमिनीखाली स्त्रियांना काम देण्यास बंदी घातली. मात्र काही प्रांतांतील कोळशाच्या खाणी आणि पंजाबातील मिठाच्या खाणी ह्यांना सवलत दिली. तेथे स्त्रियांची संख्या दर वर्षी थोडी थोडी कमी करत १ जुलै १९३९ पर्यंत ती शून्यावर आणावयाची होती. ह्याचा अर्थ असा की त्या मिठाच्या अंधारात तोवर स्त्रिया राबत होत्या, आणि त्या एकदम निघाल्या तर खाणीचे काम अडेल, इतक्या संख्येने राबत होत्या. माझ्या आईच्या डब्यातले शेंदेलोण ज्या परंपरेने आले, त्या परंपरेत त्या बायकांचे हात आहेत. त्यांच्या नावाचा एक शिंपलाही नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की इतिहास असाच असतो. जो लिहितो त्याचे नाव राहते. मला हे मान्य नाही. रेडलिचियाने काय लिहिले होते? तो तळाच्या गाळात रांगला, वाढला, अंगरखा टाकून पुढे गेला. तो गाळ बसला आणि त्यावर दुसरा गाळ बसला, एवढेच. पण त्याची जागा हलली नाही, आणि ज्यांनी तो काढला त्यांनी तो कोणत्या थरातून काढला हे प्रामाणिकपणे टिपून ठेवले. ह्या दोन गोष्टींच्या बळावर एक मुका जीव ५१ कोटी वर्षांनी साक्षीला उभा राहिला आणि मोठमोठ्या पंडितांच्या वादात त्याचा शब्द शेवटचा ठरला. मग आपल्या माणसांच्या बाबतीत एवढेही आपल्याला करता येऊ नये काय?

आपल्या पिंपरी-चिंचवडचा इतिहासही आता थरांवर थर चढत तयार झाला आहे. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग भोसरी, मग चाकण. ह्या थरांत कारखानदारांची नावे आहेत, उद्‌घाटन करणाऱ्या मंत्र्यांची आहेत. संगमरवरी पाट्यांवर कोरलेली आहेत. लातूर, बीड, सोलापूर येथून आणि पुढे बिहार-ओडिशातून येऊन ज्यांनी लेथ, प्रेस आणि भट्ट्या चालविल्या, त्यांचे काय? त्यांची ओळखपत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, खानावळीची कुपने घरोघरी पत्र्याच्या पेटीत पडून आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जात आहेत. कंत्राटी कामगाराजवळ तर तेही नसते.

म्हणून माझी आपणा सर्वांना एक विनंती आहे. ह्या दिवाळीत ती पेटी रिकामी करू नका. त्यातला प्रत्येक कागद कोणाचा, कोणत्या सालचा, कोणत्या खात्यातला, एवढे पेन्सिलीने मागे लिहा आणि आपल्या वाचनालयात एका कपाटात ठेवावयास द्या. कोणता कागद पुढे साक्षीला लागेल, हे आज सांगता येत नाही. ज्या पोराची बोटे गेली, त्याला भरपाई मिळाली ती चहाच्या उधारीमुळे. ती वही मी चहावाल्याकडून मागून घेतली आहे. आमच्या युनियनच्या कार्यालयात ती कुलुपात आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जरूर यावे.